एवढे बिघाड आले कुठून?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला आपला व्यवसाय सांगणं डॉक्टरला सोपं जातं, शिक्षकाला जातं, आयकर खात्यातल्या माणसालाही जातं. फक्त त्यानंतर पंगत जरा गप्प होते. माझी मात्र पंचाईत होते. मागे ठाण्यातल्या एका मंगल कार्यालयात एका काकांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"चौकटी काढते," मी म्हटलं.

"वा! रांगोळीच्या?"

पलीकडच्या काकू म्हणाल्या, "अहो, दाराच्या चौकटी असतील. हल्ली बायका सुतारकामसुद्धा करतात."

मी जिलबी घेतली आणि विषय सोडून दिला. सविस्तर सांगायचं तर ते असं. कुठल्याही कंपनीत कोण काय ठरवणार, कोणी कोणाला विचारायचं आणि काही बिघडलं तर कोणाकडे बघायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं कुठेतरी असतात. मोठ्या कंपनीत ती कागदावर असतात, छोट्या कंपनीत मालकाच्या डोक्यात. मी ती डोक्यातून कागदावर आणते. एकेका माणसाची चौकट, चौकटींना जोडणाऱ्या रेघा, झाला तक्ता. कोलशेतच्या बाजूच्या एका मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षं मी कर्मचारी विभागात हेच केलं. त्या कारखान्याच्या जागी आता टॉवर आहेत आणि माझं टेबल जिथे होतं, अंदाजे तिथे पोहण्याचा तलाव आहे. निवृत्तीनंतर ठाणे, डोंबिवली, कल्याणकडचे लहान उद्योजक बोलवायला लागले. त्यांचा धंदा वाढलेला असतो, डोकं मात्र एकच असतं.

या कामात गंमत पुष्कळ. वागळे इस्टेटमध्ये अकरा माणसांची एक कंपनी होती, त्यांतले चार 'व्हाइस प्रेसिडेंट'. प्रेसिडेंट कोणीच नव्हता, ती जागा पुढच्या वाढीसाठी राखून ठेवली होती. चौघांच्या चौकटींतून चार रेघा निघायच्या आणि चारही गंगाराममामांना जाऊन मिळायच्या. गंगाराममामा चहा करत. मी तक्ता समजावून घेत होते त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "चार जण चार प्रकारची साखर सांगतात, बाई. कोणाचं ऐकायचं ते एकदा ठरवा, मग येतो." एका माणसाला एकच वरिष्ठ असावा, हे सांगायला आमच्या शास्त्राला जाड पुस्तकं लागतात.

कल्याणच्या एका मसाल्याच्या कारखान्यात दोन भाऊ होते. तिथे सगळंच दोन-दोन. खरेदीचे दोन प्रमुख, विक्रीचे दोन, वॉचमनसुद्धा दोन, एक मोठ्याला सलाम करणारा आणि एक धाकट्याला. तक्ता धंद्याचा नव्हताच, भाऊबंदकीचा होता. मी दोघांना समोर बसवून सांगितलं की एकतर धंदा दोन करा, नाहीतर भांडण एक करा. बऱ्याच वर्षांनी त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं आणि मला पुन्हा न बोलवण्याचं ठरलं.

ही उदाहरणं मी व्याख्यानांत सांगते, लोक हसतात. आता जे सांगणार आहे ते व्याख्यानात सांगत नाही, कारण त्यात चुकले ती मी.

राणे यांचा लिफ्टच्या देखभालीचा धंदा. ते मूळचे मालवणकडचे, एका लिफ्ट कंपनीत मेकॅनिक म्हणून लागले आणि पुढे स्वतःचं सुरू केलं. लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्यांनी बसवलेल्या लिफ्ट राणे सांभाळतात. सोसायटीशी वर्षाचा करार करायचा, महिन्याला एकदा मेकॅनिक जाऊन लिफ्ट तपासणार, तेलपाणी करणार आणि मध्येच बंद पडली तर धावत येणार. ठाण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत त्यांच्याकडे सहाशेच्या वर लिफ्ट आणि बत्तीस मेकॅनिक. प्रत्येक मेकॅनिकला काही इमारती वाटून दिलेल्या. त्याला त्यांच्यात 'रूट' म्हणतात. कचेरी खोपटला, एसटी डेपोच्या मागे.

गेल्या वर्षी राण्यांची बायपास झाली. त्यानंतर महिन्याभरात एका बड्या कंपनीने धंदा विकत घेण्याची तयारी दाखवली. त्यांना लिफ्टचे करार हवे होते. बत्तीस मेकॅनिक नको होते, त्यांचे स्वतःचे होते. राण्यांची एकुलती मुलगी मानसी, लग्न होऊन कल्याणला राहणारी, पाच वर्षं याच कचेरीत काम करत होती आणि तिला धंदा विकायचा नव्हता. बाप-लेकीत बरंच झालं असावं. मला बोलावलं तेव्हा एक तह ठरलेला होता.

"हे बघा कर्णिकबाई," राणे म्हणाले, "डॉक्टर म्हणतो, फोन बंद करा. मी म्हणतो, फोन बंद केला तर धंदा बंद होईल. ही म्हणते, होणार नाही. मी हिला दिवाळीपर्यंत वेळ दिलाय. माझा फोन न वाजता धंदा चालला, तर हिच्या नावावर करीन. नाही चालला तर विकीन. मग रडायचं नाय गो, काय?"

"मी कशाला रडेन?" मानसी म्हणाली. "रडतील ते बत्तीस जण."

एक दुपारभर मी राण्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक फोनला कागदावर एक रेघ मारली. साठावी रेघ ओलांडली तेव्हा मी थांबले, पेन्सिल झिजली होती. लिफ्ट बंद पडली की वॉचमन मेकॅनिकला फोन करत नसे, राण्यांना करी. राणे मेकॅनिकला फोन करत. मेकॅनिकला सुटा भाग लागला की तो राण्यांना विचारी. रजा राण्यांकडे, भांडण राण्यांकडे, एका मेकॅनिकच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळत नव्हता तेही राण्यांकडे. तक्ता काढायला मला दोन मिनिटं लागली. वर एक चौकट, खाली बत्तीस चौकटी, मध्ये काहीच नाही. छत्रीसारखा दिसत होता. दांडा काढला की संपलं.

आता थोडं शास्त्र. काम वाटायच्या जुन्या तऱ्हा दोन. लग्नघराचं उदाहरण घ्या. एक तऱ्हा अशी, की एकाने सगळ्यांचा चहा बघायचा, एकाने सगळ्यांच्या अंथरुणांचं बघायचं, एकाने गाड्यांचं. दुसरी अशी, की एकाने पुण्याचे पाहुणे सांभाळायचे आणि त्यांचा चहा, अंथरुणं, गाड्या सगळं त्यानेच बघायचं, दुसऱ्याने नाशिकचे. पहिलीत कामाप्रमाणे वाटणी, दुसरीत माणसांप्रमाणे किंवा जागेप्रमाणे. पहिलीत चहा चांगला होतो. दुसरीत पुण्याचे पाहुणे खूश होतात, हे अवघड असलं तरी होऊ शकतं. कुठली तऱ्हा कुठे लावायची, हेच आमचं कौशल्य. बाकी सगळं सजावट.

माझी एकतीस वर्षं कारखान्यात गेली होती आणि कारखाना पहिल्या तऱ्हेने चालतो. मी तोच तक्ता राण्यांच्या धंद्यावर चढवला. तीन विभाग केले. महिन्याची तपासणी करणारा देखभाल विभाग, बंद लिफ्टकडे धावणारा बिघाड विभाग आणि जुन्या लिफ्ट बदलून नव्या बसवणारा तिसरा. खोपटला तक्रारीचा एक नंबर, तिथे दोन मुली. रूट मोडून टाकले. जो मोकळा असेल तो जाईल. कागदावर ते इतकं सुरेख दिसत होतं की मी त्याची एक प्रत घरी आणून कपाटाला लावली होती.

देखभालीचा प्रमुख म्हणून आम्ही फ्रान्सिसला नेमलं. फ्रान्सिस राण्यांचा सगळ्यात जुना मेकॅनिक, ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती वाडीतला. आजोबा भातशेती करत, बाप मिठागरात होता. मानसीला तो लहानपणापासून ओळखत असल्यामुळे 'मानसीबाय' म्हणायचा. त्याला खुर्ची दिली, टेबल दिलं, त्यावर नावाची पाटी दिली. तो पहिल्या दिवशी पाटीकडे बघून म्हणाला, "मॅडम, एवढं नाव तर माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर पण नव्हतं छापलेलं."

बिघाड विभागाचा प्रमुख साटम. चपळ, हुशार, चाळिशीतला. त्याने मात्र पाटी मनावर घेतली. आठवड्यात स्वतःची व्हिजिटिंग कार्डं छापून आणली आणि पहिलं कार्ड मला दिलं. मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

गुढीपाडव्यानंतर नवी रचना सुरू झाली. जूनपर्यंत राण्यांचा फोन जवळजवळ थांबला. ते डोंबिवलीच्या घरी बसून पेपरातली सगळी शब्दकोडी सोडवायला लागले आणि सुटली नाहीत की मला फोन करायला लागले. मानसी खुशीत होती. मीही होते. खोपटला महिन्याची बैठक व्हायची, त्यात देखभाल आणि बिघाड हे दोन विभाग आपापले आकडे सांगायचे. देखभालीवाले पूर्वीपेक्षा जास्त लिफ्ट तपासत होते. एक माणूस एका दिवसात एकाच रस्त्यावरच्या इमारती घेत होता, जाण्यायेण्याचा वेळ वाचत होता. बिघाडवाले पूर्वीपेक्षा लवकर पोचत होते आणि दर महिन्याला आधीपेक्षा जास्त बिघाड दुरुस्त करत होते. ऑगस्टच्या बैठकीत साटमने उभं राहून सांगितलं, "या महिन्यात आपण आतापर्यंतचे सगळ्यात जास्त बिघाड काढले." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

फ्रान्सिस कोपऱ्यात बसला होता. बैठकीत तो बोलत नसे. त्या दिवशी त्याने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा की."

"साटमने एवढे बिघाड काढले ते बरोबर. पण एवढे बिघाड आले कुठून?"

सगळे हसले. साटम म्हणाला, "लिफ्ट जुन्या झाल्या, फ्रान्सिसभाऊ, तुमच्यासारख्या." आणखी हशा झाला. माझं हसू मात्र अर्ध्यावर राहिलं. एकतीस वर्षांत मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता.

बैठक संपल्यावर मी फ्रान्सिसला थांबवलं. "नीट सांगा मला. पूर्वी काय वेगळं होतं?"

तो आधी सांगेना. "तुम्ही शिकलेल्या," वगैरे सुरू केलं.

"फ्रान्सिस, मी शिकलेली असते तर तुम्हाला विचारलं असतं का?"

मग तो म्हणाला, "बघा, लिफ्ट बंद पडते ती जास्त करून दारापाशी. दार ज्या खाचेत सरकतं ना, त्यात खडा जातो, हार-फुलं जातात, कोणाच्या पिशवीतले तांदूळ सांडतात. दार पूर्ण लागलं नाही की लिफ्ट हलत नाही. मोठं काही नसतं. माझा रूट होता तेव्हा रविवारी लिफ्ट बंद पडली की मलाच फोन. आणि मी कुठे? मिस्साला. फादर प्रवचन देतायत आणि माझा फोन वाजतो. सगळं चर्च मान वळवून बघणार. बायको तर घरी येईपर्यंत बोलायची नाही, घरी आल्यावर बोलायची."

"मग?"

"मग काय, शनिवारी संध्याकाळी मी ज्या लिफ्ट लफडेबाज आहेत तेवढ्यांच्या खाचा जाऊन घासून यायचो. ब्रश घेऊन. तपासणीच्या कार्डावर लिहायचो पण नाही, कारण ते काही महिन्याच्या कामात नाही. रविवार शांत जायचा. आता खाच मी नाही घासली तर रविवारी साटमचा माणूस जातो. मी आरामात प्रवचन ऐकतो. प्रवचन चांगलं असतं, मॅडम. पण लिफ्ट बंद पडते."

एवढंच होतं सगळं. पूर्वी प्रत्येक मेकॅनिकला स्वतःच्या आळसाची शिक्षा स्वतःलाच मिळत होती. कोणाची मिस्सा मोडायची, कोणाची क्रिकेटची मॅच, कोणाची दुपारची झोप. मी मध्ये एक सुंदर रेघ मारून शिक्षा दुसऱ्या विभागाकडे पाठवून दिली होती. देखभालीवाला जितक्या घाईत तपासणार तितके त्याचे आकडे वाढणार. लिफ्ट जितक्या बंद पडणार तितके साटमचे आकडे वाढणार. दोन्ही विभाग उत्तम चालले होते. लिफ्ट तेवढ्या चालत नव्हत्या. कारखान्यात हे इतकं लपत नाही, कारण तिथे दोघांचं जेवण एकाच कँटीनमध्ये असतं आणि शिवी समोरासमोर देता येते. इथे सहाशे लिफ्ट, तितकीच छपरं.

मी हे मानसीला सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात कोलशेतचं पत्र आलं. तिथल्या सहा टॉवरची सोसायटी हा राण्यांचा सगळ्यात मोठा करार. सचिव म्हात्रे सर, गावातलेच, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी तीस दिवसांची नोटीस दिली होती, शुद्ध मराठीत, एकही चूक नसलेली. मी आणि मानसी दोघी गेलो. सरांनी चहा दिला आणि मग पट्टी काढली.

"मॅडम, तुमचा माणूस येत नाही अशी माझी तक्रारच नाही. येतो. वेळेवर येतो. पण दर वेळेला नवीन येतो. तीन नंबरच्या टॉवरला दुपारी ऊन लागलं की छपरावरचं विजेचं कॅबिनेट तापतं आणि लिफ्ट सातव्यावर अडते, हे फ्रान्सिसला तोंडपाठ होतं. आता जो येतो त्याला मी पहिल्यापासून लिफ्टची जन्मकुंडली सांगतो. चाळीस वर्षं वर्गावर तेच केलं मी. निवृत्तीनंतर पुन्हा तोच धडा?"

"सर, आम्ही फोनवर काय सांगतो तुम्हाला?" मानसीने विचारलं.

"माणूस पाठवतो, असं सांगता."

"आणि पूर्वी?"

"पूर्वी राणे सांगायचे, फ्रान्सिस येतोय."

आम्ही रिक्षाने परत निघालो. खोपट जवळ आल्यावर मानसी म्हणाली, "मॅडम, आपल्याला बाबांना मधून काढायचं होतं. आपण बाबांना काढलं आणि रूटपण काढले. रूट कुठे आजारी होते?"

माझ्या कपाटावरच्या सुरेख तक्त्याचं इतकं नेमकं परीक्षण मी स्वतः केलं नव्हतं. दुखणं वरच्या एका चौकटीत होतं आणि मी ऑपरेशन खालच्या बत्तीस चौकटींचं केलं होतं.

नोटिशीची बातमी राण्यांपर्यंत गेलीच. त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. समोर बड्या कंपनीचं पत्र ठेवलेलं होतं. आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट.

"फोन बंद झाला म्हणून मी खूश होतो. लोक तक्रार करायचे बंद झाले असं वाटलं मला. ते माझ्याकडे करायचे बंद झाले. दुसरीकडे करत होते. विठ्ठलवाडीची एक सोसायटी करार सोडून गेली, मला कोणी सांगितलं नाही."

"चूक माझी आहे, राणेसाहेब," मी म्हटलं. "मानसीची नाही. तक्ता माझा होता."

"तुमचा तक्ता, हिची कंपनी, माझी बत्तीस माणसं," राणे म्हणाले. "दिवाळी म्हणालो होतो, दिवाळीला अजून दोन महिने आहेत. मी शब्द फिरवत नाही. पण या वेळी चुकलात तर मी सही करीन, कर्णिकबाई, आणि मला कोणी अडवू नका."

त्या शनिवारी खोपटच्या कचेरीत टेबलं भिंतीला सरकवून सगळ्यांना जमिनीवर बसवलं. या वेळी मी कुठलाही तक्ता काढून नेला नव्हता. मेकॅनिकांनी इमारतींची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि आपसात वाटून घ्यायला सुरुवात केली. दोन तास भाजीबाजार झाला. "ती चार नंबरची तू घे, त्यांचा वॉचमन माझ्याशी बोलत नाही." "तुझी बायको त्या गल्लीत शिकवणीला जाते, तूच घे." "मला ती बिल्डिंग नको, तिथल्या काकू दर वेळी जेवायला बसवतात, दोन तास जातात." "मला दे, मला दे!" यातलं काहीही माझ्या कुठल्याही तक्त्यात कधी आलं नव्हतं.

रूट परत आले. फक्त आता पाच-सहा रूटचा एक गट, एक गट कोलशेतचा, एक खोपटच्या आसपासचा, असे सहा. प्रत्येक गटाचा एक मुकादम, जो स्वतःही एक रूट सांभाळणार. रजा, साधे सुटे भाग, एकमेकांच्या जागी जाणं, हे सगळं तो ठरवणार, वर विचारायचं नाही. अवघड विजेच्या कामासाठी दोन वाकबगार माणसं वेगळी, कोणत्याही गटाला हाक मारता येईल अशी. आणि प्रत्येक लिफ्टमध्ये मेकॅनिकचं नाव आणि नंबर लावायचा. यावर जरा कुरकुर झाली. "लोक रात्री-अपरात्री फोन करतील." फ्रान्सिस म्हणाला, "करतील ना. म्हणूनच लावायचं, बाबांनो." त्याने खुर्ची परत केली आणि कोलशेतचा रूट मागून घेतला.

साटमला मी बाजूला घेऊन सांगितलं की बिघाड विभाग आता राहणार नाही, तो डोंबिवलीच्या एका गटाचा मुकादम होईल, पगार तोच राहील. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कार्डं छापलेली मी, मॅडम," तो म्हणाला. "सासरी दिलेली."

महिन्याभरात तो सोडून गेला, दुसऱ्या एका लिफ्ट कंपनीत. काम उत्तम करायचा. त्याची काहीच चूक नव्हती. मी त्याला एक पद दिलं होतं जे मुळात असायलाच नको होतं, आणि मग ते काढून घेतलं. तक्त्यावर चौकट खोडायला खोडरबर पुरतं. या व्यवसायातली माझी सगळ्यात मोठी खंत विचाराल तर ती गेलेली विठ्ठलवाडीची सोसायटी नाही, साटमचं ते कार्ड आहे. ते अजून माझ्या पाकिटात आहे.

नव्या रचनेतला सगळ्यात अवघड माणूस निघाले राणे. जुन्या सोसायट्या सवयीने त्यांनाच फोन करत. त्यांनी तो उचलायचा आणि मेकॅनिकचं नाव सांगून ठेवून द्यायचा, असं ठरलं होतं. एकदा मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा फोन आला. त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "तुमच्या लिफ्टमध्ये नाव लावलंय, त्यांना करा." फोन ठेवला. मग दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्यासमोरच फ्रान्सिसला फोन लावला. "अरे, तीन नंबरवाल्यांचा फोन आलेला, बघितलंस का?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "साहेब, मी तीन नंबरच्याच छपरावर उभा आहे. एका हातात फोन, एका हातात पाना. फोन ठेवा, म्हणजे दुसरा हात मोकळा होईल."

राण्यांनी फोन ठेवला. "मालकाशी कसा बोलतो बघा," ते म्हणाले. पण चेहऱ्यावर राग नव्हता. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना असं निवांत बघितलं.

हळूहळू बिघाड कमी झाले. खूप नाही, झाले. कल्याणचे दोन मुकादम एकमेकांशी भांडतात, ते चालूच आहे. म्हात्रे सरांनी नोटीस मागे घेतली नाही, तीन महिने पुढे ढकलली. "नापासाला पुन्हा परीक्षेला बसवतात, तसं समजा," म्हणाले. फ्रान्सिस त्यांच्या तीन नंबरच्या टॉवरवर ऊन अडवायला एक पत्रा ठोकून आल्यावर त्यांनी ती पत्राने रद्द केली. त्या पत्रात शेवटी 'उत्तीर्ण' असा एकच शब्द होता, लाल शाईत.

वसुबारसेच्या दिवशी आम्ही तिघं राण्यांच्या घरी बसलो. मानसीने नवा तक्ता टेबलावर पसरला. तो चौकटींचा नव्हता. वर मानसीचं नाव, त्याखाली सहा मुकादम, प्रत्येकाखाली मेकॅनिकांची नावं आणि प्रत्येक मेकॅनिकसमोर बारीक अक्षरात त्याच्या सगळ्या इमारती. राण्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, वरपासून. मग खालपासून वर.

"माझी चौकट कुठाय?"

मला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. कौटुंबिक धंद्यात वडलांना कुठे बसवायचं, यावर मी अनेक तोडगे काढलेले आहेत. मार्गदर्शक, संस्थापक, मानद अध्यक्ष. सगळ्या नावांचा अर्थ एकच, की फोन चालू राहणार. मी मानसीला त्यांतलं एकही सुचवलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

तिने कागदाच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. डोंबिवली पूर्वचा दुसरा गट, मेकॅनिक योगेश, त्याच्यासमोर अकरा इमारती. त्यातली सातवी, ज्यात आम्ही बसलो होतो ती.

"इथे," ती म्हणाली.

"हे तर बिल्डिंगचं नाव आहे."

"हो. तुम्ही यात राहता."

"म्हणजे मी ग्राहक?"

"ग्राहक, बाबा."

आत मानसीची आई चकल्या तळत होती, त्याचा वास येत होता. राण्यांनी बड्या कंपनीचं पत्र उचललं, त्याची घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि ते टेबलाच्या एका डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. टेबल स्थिर झालं. मग त्यांनी मानसीने आणलेल्या कागदांवर, जिथे जिथे तिने पेन्सिलीने फुली केली होती, तिथे तिथे सह्या केल्या. काहीही न वाचता. शेवटची सही करून पेन ठेवलं.

"म्हणजे आता मी तक्रार करू शकतो?" त्यांनी विचारलं.

"करू शकता."

"मग ऐक. आपली लिफ्ट चौथ्या मजल्यावर दार दोनदा उघडते. एकदा उघडते, बंद होते, पुन्हा उघडते. चार महिने झाले. सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघते, आणि मी मालक म्हणून वर छताकडे बघतो."

मानसीने वही पुढे ओढली, पेन घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "फ्लॅट नंबर?"

ती ज्या घरात लहानाची मोठी झाली त्याचा नंबर राण्यांनी तिला एकेक आकडा सुटा करून, नीट सांगितला.